किल्ली सीकॉकच्या दांड्याला

वाचकाचं पत्र, थोडक्यात : पन्नाशी ओलांडलेलं जोडपं. पावणेदोन वर्षं झाली, ३७ फुटी शिडाच्या बोटीवर राहतात आणि उष्णकटिबंधात, व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात, बेटाबेटांतून सावकाश प्रवास करतात. बोट तीस वर्षांची. निघाले तेव्हा दुरुस्तीच्या वहीत ११ कामं होती, आज ४३ आहेत. ती यादी पत्रासोबत जोडली आहे. दुरुस्त्या सगळ्या पती करतात. ‘तिला तेलात हात घालायला लावायचा नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं,’ असं ते लिहितात. ‘बाकीचं’ पत्नी बघतात. महिन्यापूर्वी पती इंजिनाच्या पाण्याचा स्ट्रेनर (गाळणी) साफ करायला बसले, अंगात कणकण आली म्हणून काम अर्ध्यावर टाकून झोपले. रात्री दोनच्या सुमाराला पावसाळी वाऱ्याचा जोरदार झोत आला आणि नांगर सरकला. पती तापाने फणफणलेले. पत्नीने इंजिन सुरू केलं, पण समुद्राचं पाणी आत घेणारा सीकॉक (झडप) बंदच होता. इंजिन तापलं, पंपातला इम्पेलर (पाणी ढकलणारं रबरी चाक) फाटला. शेजारच्या बोटीवरची माणसं डिंगी (छोटी होडी) घेऊन धावली, दुसरा नांगर टाकून दिला, म्हणून बोट प्रवाळावर जाता जाता वाचली. दुसऱ्या दिवशी पती बोलून गेले, ‘एवढं तरी बघायचंस.’ तेव्हापासून पत्नी गप्प आहेत. एकदाच म्हणाल्या, ‘या बोटीवर मी पाहुणी आहे.’ त्यांचे प्रश्न असे : ही यादी एकदाची शून्यावर कशी आणायची? तीन महिने बोट यार्डात टाकून सगळं कारागिरांकडून करून घ्यावं का? की विकूनच टाकावी?

नमस्कार.

यार्ड आणि विक्री, दोन्हींवर बोलू. त्याआधी एक तातडीचं. तुमच्या यादीत सतराव्या क्रमांकावर लिहिलंय, ‘इंजिन पूर्वीपेक्षा थोडं गरम चालतं, बघायला हवं.’ आणि पत्रात, अगदी वेगळ्या ठिकाणी, लिहिलंय की फाटलेल्या इम्पेलरच्या चिंध्या काढून फेकल्या आणि नवा बसवला. या दोन ओळी शेजारी शेजारी ठेवून बघा. रबराच्या त्या चाकाची जी पाती तुटली, ती सगळी तुमच्या हाताला लागली होती का? नसतील, तर ती पंपाच्या पुढच्या नळीत किंवा हीट एक्स्चेंजरच्या (समुद्राच्या पाण्याने इंजिन गार करणाऱ्या भागाच्या) तोंडाशी अडकून बसली असणार आणि पाण्याची वाट अडवत असणार. ती सापडेपर्यंत इंजिनावर जोर देऊ नका आणि पुढच्या बेटाकडे निघू नका. शोधायची कशी ते अगदी शेवटी सांगते, कारण ते काम मला तुमच्या एकट्याच्या हातून व्हायला नको आहे.

आता त्या रात्रीबद्दल. तुमच्या पत्नीचं नेमकं काय चुकलं, हे मी पत्रात शोधलं. मला सापडलं नाही. नांगर सरकतोय हे त्यांनी झोपेतून उठून ओळखलं, अंधारात वर गेल्या, इंजिन सुरू केलं. कुठल्याही खलाशाने हेच केलं असतं. सीकॉक बंद आहे हे किल्ली फिरवणाऱ्याला कळावं, अशी एकही खूण बोटीवर नव्हती. ती गोष्ट फक्त तुम्हाला माहीत होती आणि तुम्ही तापात होतात.

बोटींवर राहणारे बरेच जण यासाठी एक साधी सवय पाळतात. इंजिनाचा सीकॉक बंद केला की त्याच क्षणी इंजिनाची किल्ली काढून सीकॉकच्या दांड्याला टांगायची. ज्याला इंजिन सुरू करायचंय त्याला किल्लीसाठी तिथवर जावंच लागतं, आणि गेलं की दांडा आडवा दिसतो. रात्री दोन वाजता, अर्धवट झोपेत, पावसात, कुणालाही काही आठवावं लागत नाही. याला जोडून दुसरी सवय : इंजिन सुरू झालं की पहिली नजर मागे एक्झॉस्टकडे. तिथून पाणी पडत नसेल तर लगेच बंद. इम्पेलरची पाती पंपाच्या कोठीत दाबली जाऊन फिरतात आणि त्यांना पाण्याखेरीज दुसरं वंगण नाही. पाणी थांबलं की रबर तापायला आणि फाटायला फार वेळ लागत नाही.

ही सवय तुमच्याकडे नव्हती, म्हणून ‘एवढं तरी बघायचंस’ हे वाक्य तुम्ही परत घ्यायला हवं. मोघम ‘सॉरी’ नको. ‘सीकॉक मी बंद केला होता, किल्ली मी टांगायला हवी होती,’ असं नेमकं म्हणा. बाकीचा सगळा सल्ला त्यानंतर.

नांगर मुळात का सरकला, त्याचं उत्तरही तुमच्याच आकड्यांत आहे. पाणी १२ मीटर खोल आणि साखळी ४० मीटर सोडलेली. बोटीच्या नाळेची (पुढच्या टोकाची) पाण्यापासूनची उंची मीटरभर धरली तर हे प्रमाण जेमतेम एकास तीन पडतं. शांत दुपारी चालून जाईल. झोत येण्याची शक्यता असलेल्या रात्री निदान एकास पाच हवं, म्हणजे तिथे ६५ मीटर. जोराचा वारा लागून साखळी ताणली गेली की नांगराचा दांडा वर उचलला जातो, आणि दांडा उचलला की नांगर सुटतो. बोटीला फिरायला तेवढी मोकळी जागा नसेल, आसपास प्रवाळाचे खडक असतील, तर ती जागा रात्रीसाठी नाहीच. दिवसाउजेडी दुसरी शोधायची.

आता तुमचे प्रश्न. तिन्ही कामांच्या संख्येबद्दल आहेत. मला मात्र वेगळीच गोष्ट खटकली. तुमच्या बोटीची सगळी माहिती एकाच माणसाकडे आहे. कुठली नळी कुठे जाते, कुठला स्विच कशाचा, सुटे भाग कुठल्या बाकाखाली, सगळं तुमच्यापाशी. ‘तिला त्रास नको’ म्हणून तुम्ही हे केलंत आणि त्यामागची माया खरी आहे, याबद्दल मला शंका नाही. पण त्याचा परिणाम असा झाला की दोन माणसांच्या बोटीवर खलाशी एकच उरला. ‘मी पाहुणी आहे’ या बोलण्यात तुम्हाला रुसवा ऐकू आला. मला वाटतं, जे आहे तेच त्यांनी सांगितलं.

यादीकडे वळते. ती शून्यावर येणार नाही, आणि ती तशी येईल असं धरून तुम्ही आजचं जगणं पुढे ढकलताय, हे मला जास्त काळजीचं वाटतं. सुट्टीच्या दिवसांपुरती वापरली जाणारी बोट आणि तुमची बोट यांत फार फरक आहे. तुमचा पाण्याचा पंप, संडासाचा पंप, फ्रिज, विंडलास (नांगराची साखळी ओढणारं यंत्र), दिवे, सगळं बारा महिने चालू. वर उष्णकटिबंधातलं ऊन. शिडाचं कापड धडधाकट दिसतं तेव्हाच शिवणीचा दोरा उन्हाने मेलेला असतो. नखाने टाका उचलून बघा, तुटला तर ती शिवण पुन्हा घालायची वेळ झाली. तांब्याच्या तारेत खारी ओल शिरली की आत हिरवा चुरा होतो, दिवा लागतो पण मंद. डिझेलच्या टाकीच्या तळाशी दव साचतं, उष्ण हवेत त्यात जंतू वाढतात आणि फिल्टर काळा होतो. टाकी भरलेली ठेवणं आणि सेपरेटरच्या (डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरच्या) वाटीतलं पाणी नेमाने सोडणं यानेच तो त्रास बराच कमी होतो. बुडाला शेवाळ, प्रोपेलरवर बार्नकल (चिकटून बसणारे कवचवाले जीव). यातलं काहीही तुमच्या हलगर्जीपणाने होत नाही. ११ कामांची ४३ झाली यात काही वाटा तर तुमची नजर तयार झाल्याचाही आहे. दोन वर्षांपूर्वी तुम्हाला यातली निम्मी कामं दिसलीच नसती.

म्हणून मोजणं सोडा आणि निवड करा. प्रत्येक कामाला चार प्रश्न विचारा. याने बोटीत पाणी शिरेल का? डोलकाठी, सुकाणू किंवा नांगर दगा देईल का? आग लागेल का? माणसाला इजा होईल का? मी तुमची यादी या चार प्रश्नांतून काढली, तेव्हा चार कामं उरली. आठवं, बिल्ज पंपाचा (बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाचा) फ्लोट स्विच अडकतो. सतरावं, इंजिन गरम होतं. सव्विसावं, शेगडीच्या गॅसची नळी कडक झाली आहे. एकतिसावं, उजव्या चेनप्लेटपाशी (डोलकाठीच्या तारा बोटीला धरून ठेवणाऱ्या पट्टीपाशी) गंजाचा ओघळ. चौथ्या क्रमांकावर कॉकपिटच्या टेबलाचं वॉर्निश आहे आणि त्याचे दोन हात तुम्ही गेल्या आठवड्यात दिलेत. तुम्हाला हे लागावं म्हणून मी लिहीत नाही. थकलेला माणूस संपणारं काम आधी उचलतो, हे मी स्वतः पुष्कळदा केलंय. पण ही चार कामं होईपर्यंत बाकीची वही मिटून ठेवा.

गॅसच्या नळीचं आजच करा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर उडून जात नाही, बोटीच्या तळाशी जाऊन साठतो. नवी नळी येईपर्यंत स्वयंपाक झाला की बाटलीवरचा नॉब बंद करायचा, प्रत्येक वेळी. नळी बदलली की जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघायचं.

चेनप्लेटवर जरा सविस्तर लिहिते, कारण बोट जुनी असली की हे दुखणं फार जणांना गाठतं आणि बहुतेकांना उशिरा कळतं. स्टेनलेस स्टील सहसा गंजत नाही ते त्याच्या अंगावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे. हा थर खरवडला गेला तर पुन्हा धरतो, पण त्यासाठी प्राणवायू लागतो. चेनप्लेटची पट्टी डेकमधून आत उतरते तिथे ती सीलंटखाली दबलेली असते. सीलंट जुनं झालं की खारं पाणी झिरपतं, आत साचून राहतं आणि तिथे प्राणवायू पोचत नाही. मग धातू आतल्या आत कुरतडला जातो. वरून तुम्हाला दिसतो तो फक्त तपकिरी ओघळ. खाली पट्टीत आडवी भेग असू शकते, नसूही शकते, आणि काढून बघितल्याशिवाय हे कुणालाही सांगता येत नाही. तेव्हा ती काढा. एका वेळी एकच. काढण्याआधी त्या बाजूला शीड चढवायचा एक दोर डेकच्या भक्कम कडीला बांधून ताणा, म्हणजे डोलकाठी सांभाळली जाईल. पट्टी घासून स्वच्छ करा, भिंग घ्या, बोल्टच्या भोकांच्या कडा आधी बघा. भेगा दाखवणारा लाल द्रव मिळतो. लावायचा, थोड्या वेळाने पुसायचा, वर पांढरा फवारा मारायचा. भेग असेल तिथे लाल रेघ उमटते. एका पट्टीत भेग सापडली तर सगळ्या बदला. त्या एकाच वेळी बसवलेल्या असतात आणि एकसारखंच भोगलेल्या असतात.

आणखी एक. तुमच्या यादीत ‘बॅटऱ्या सकाळपर्यंत पुरत नाहीत’, ‘फ्रिज सारखा चालू’ आणि ‘सौर पॅनेल कमी वीज देतं’ ही तीन कामं लांब लांब लिहिली आहेत. मला तो एकच प्रश्न वाटतो. नव्या बॅटऱ्या घेण्याआधी फ्रिजच्या झाकणात कागदाची पट्टी धरून झाकण मिटा. पट्टी सहज ओढून निघाली तर रबर गेलंय, थंडावा बाहेर आणि दमट हवा आत. मग दिवसभर पॅनेलकडे लक्ष ठेवा : नांगरावर असताना बूमची (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याची) किंवा एखाद्या तारेची सावली त्यावर पडते का? पॅनेलच्या थोड्याशा भागावरही सावली पडली तरी वीज बरीच उतरते. बूम दोराने एका बाजूला ओढून बांधला की काम होतं. त्यानंतर बॅटरीचा व्होल्टेज मोजा, भार आणि चार्जिंग दोन्ही बंद करून, थोडा वेळ थांबून. शिशाच्या बॅटरीला १२.७ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. निम्म्याच्या खाली रोज उतरत असाल तर त्या लवकर मरणारच. उष्णतेने तर आणखी लवकर, म्हणून त्या इंजिनाशेजारी ठेवलेल्या असतील तर जागा बदलता येते का बघा.

आता ‘बाकीचं’. हा शब्द तुमच्या पत्रात पाच वेळा आलाय आणि एकदाही तुम्ही तो उलगडलेला नाही. तुमच्याच पत्रातून मी गोळा केलं ते असं. ४०० लिटरची टाकी गेल्या वेळी पाच आठवडे पुरली. म्हणजे दोघांत मिळून दिवसाला साडेअकरा लिटरच्या आत. हे आपोआप होत नाही. कुणीतरी भांडी समुद्राच्या पाण्यात घासून वर फक्त गोड्या पाण्याचा हात फिरवतंय. कपड्यांत मीठ राहिलं तर ते हवेतली ओल ओढतं आणि कपडे कधीच वाळत नाहीत, म्हणून शेवटचं खळबळून काढण्यापुरतं गोडं पाणी राखून ठेवतंय. पाऊस आला की छत ताणून, पहिल्या सरीत त्यावरचं मीठ धुऊन जाऊ देऊन, मग पाणी भरतंय. साठवणीतल्या कोरड्या सामानाला कीड लागू देत नाही, कपाटांच्या मागे बुरशी धरू देत नाही. हवामानाचा अंदाज रोज उतरवून ‘परवा निघू नका’ असंही त्याच सांगतात, हे तुम्ही जाता जाता लिहून गेलात. त्या चार दिवस आजारी पडल्या, तर टाकीत आज किती पाणी आहे हे तुम्हाला सांगता येईल का? माहिती एकाच डोक्यात असण्याचा धोका दोन्ही बाजूंनी आहे.

‘तिला शिकवून बघितलं, तिला रस नाही,’ असं तुम्ही म्हणता. कसं शिकवलंत? मी विचारते, कारण आमच्या बोटीवरही हे झालेलं आहे. पहिली चार वर्षं इंजिन नवऱ्याकडे होतं. मी शेजारी बसून टॉर्च धरायचे, आणि बघून बघून मला येतं असं आम्हा दोघांनाही वाटायचं. मग एका लांबच्या पल्ल्यात, किनारा सहा दिवस दूर असताना, लाटेच्या हिसक्याने त्याचा खांदा निखळला, आणि त्याच संध्याकाळी फिल्टर तुंबून इंजिन बंद पडलं. फिल्टर मी बदलला. पण आत शिरलेली हवा काढायची तर कुठला स्क्रू सैल करायचा? दोन होते, जवळजवळ सारखे. चार वर्षं मी उजेड त्याच्या बोटांवर पाडला होता आणि त्या बोटांखाली नेमकं काय आहे ते कधी बघितलंच नव्हतं. तो बिछान्यावरून ‘डावीकडचा’ म्हणत होता, पण इंजिनाकडे तोंड करून डावीकडचा की पाठ करून, हे त्यालाही सांगता येईना. त्याचा हात ती जागा ओळखायचा, तोंडाने सांगायची वेळ कधी आलीच नव्हती. स्क्रूच्या कडेने फेस येतो आणि मग बुडबुडे थांबून नुसतं डिझेल येतं, तिथवर पोचायला मला दीड तास लागला. त्या रात्री मी त्या स्क्रूला नखांना लावायचा लाल रंग लावला. पुढे अजून सात-आठ जागांना लावला.

तेव्हा शिकवू नका, करू द्या. पाना त्यांच्या हातात, तुमचे हात मांडीवर. त्यांनी विचारलं तरच बोला. पहिल्यांदा दुप्पट वेळ लागेल, बोल्ट खाली बिल्जमध्ये पडेल, पडू द्या. आणि कामाची पायरी-पायरीची नोंद त्यांना त्यांच्या शब्दांत लिहू द्या. तुम्ही लिहिलीत तर हाताच्या सवयीने होणाऱ्या चार पायऱ्या तुमच्याकडून सुटतील, आणि नेमक्या त्याच रात्री दोन वाजता लागतील. सुट्या भागांची वही त्यांच्याकडे द्यायलाही हरकत नाही : कुठला भाग, किती नग, कुठल्या बाकाखाली. इम्पेलर निदान तीन, त्यांची गॅस्केटं, पट्टे, दोन्ही फिल्टर, पाण्याच्या पंपाचा दुरुस्ती-संच, संडासाच्या झडपा, जस्ताचे तुकडे. बदललेला जुना भाग चालण्याजोगा असेल तर फेकू नये, चिठ्ठी लावून ठेवावा. आणि उलट बाजूने, आठवड्यातला एक दिवस पाणी आणि हवामान तुमच्याकडे घ्या. त्यांनी आपणहून काही सांगितलं तर ऐका, पण मदत मागू नका.

कदाचित त्या म्हणतील, मला इंजिनात हात घालायचाच नाही. हेही खरं असू शकतं आणि तेवढ्याने कुणी कमी खलाशी ठरत नाही. पण पाच गोष्टी दोघांनाही यायलाच हव्यात, त्यात आवडीनिवडीचा प्रश्न नाही. इंजिन सुरू आणि बंद करणं. साखळी सोडणं आणि नांगर उचलणं. बोटीतले सगळे सीकॉक कुठे आहेत ते डोळे मिटून सांगता येणं. प्रत्येकाशेजारी, सीकॉक तुटला तर भोक बुजवायला, त्या मापाची लाकडी गुडदी दोरीने बांधून ठेवा. व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबर वाहिनीवर ‘मेडे’ (संकटाची हाक) तीनदा म्हणून बोटीचं नाव, जागा, काय झालंय आणि किती माणसं हे सांगणं. आणि एकट्याने शीड कमी करून बोट थोपवून धरणं. पाचही गोष्टी भर दिवसा, शांत पाण्यात, तुम्ही गप्प बसलेले असताना दोनदा झाल्या पाहिजेत.

तुमच्या तब्येतीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत : पोटरीवर प्रवाळाने कापलंय, तीन आठवडे भरत नाही. ती जखम आणि तो ताप यांचा संबंध आहे का, हे मी सांगू शकत नाही, पण विचारायला हवं. उष्ण, दमट हवेत छोटी जखमही चटकन चिघळते आणि रोज समुद्रात उतरत राहिलं तर भरत नाही. गोड्या पाण्याने धुवा, कोरडी ठेवा, ती भरेपर्यंत बूड घासायला उतरू नका, आणि तीन आठवडे झालेत तर या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा. जखमेभोवती लाली पसरत असेल किंवा पुन्हा ताप आला तर त्याच दिवशी. हे पाचवं काम समजा, पहिल्या चारांइतकंच महत्त्वाचं.

कामाची वेळही बदला. सकाळी सात ते संध्याकाळ इंजिनापाशी बसणं या हवेत कुणालाच झेपत नाही. उजाडल्यापासून दहापर्यंत काम, मग हत्यारं पुसून, तेलाचा हात फिरवून पेटीत. इंजिन चालवलं असेल तर त्या कप्प्यात तासन्‌तास भट्टी असते, तेव्हा त्याचं काम दुसऱ्या दिवशी पहाटे. आठवड्यातला एक दिवस पेटी उघडायचीच नाही, काहीही बिघडलं तरी, वर सांगितलेल्या चार प्रश्नांतलं नसेल तर. आणि दुपारसाठी कॉकपिटवर चांगलं रुंद छत शिवून घ्या. तुमच्या यादीत ते चाळिसावं आहे. मी ते पाच कामांनंतर लगेच घेईन, कारण सावलीत बसायला जागा नसेल तर दोन माणसं एकमेकांशी बोलायलाही बसत नाहीत.

यार्डाबद्दल. बोट वर काढल्याने प्रश्न सुटतील असं तुम्हाला वाटतंय, त्यात एक गोष्ट विचारात घ्या. नांगरावर बोट नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते, हॅचमधून (डेकवरच्या झाकणातून) हवा आत येते. यार्डात ती ठेवतील तशी उभी, वारा कुठूनही. सिंकचं पाणी सोडता येत नाही, संडास वापरता येत नाही, प्रत्येक वेळी शिडी. तीन महिने त्यात राहून तुमच्यातला अबोला कमी होईल असं मला वाटत नाही. शिवाय सगळं कारागिरांनी केलं तर बोटीची माहिती तिसऱ्याच कुणाकडे जाईल. पण वादळांचा मोसम तुम्हाला तसाही कुठेतरी काढायचाच आहे : दक्षिण पॅसिफिकात तो नोव्हेंबर ते एप्रिल, अटलांटिकात जून ते नोव्हेंबर. त्या काळात बोट सुरक्षित जागी ठेवा, डोलकाठीच्या तारा आणि चेनप्लेट एखाद्या जाणत्या रिगरकडून (डोलकाठी आणि तारांच्या कारागिराकडून) तपासून घ्या, तेव्हा दोघंही शेजारी उभे राहून बघा आणि विचारा, आणि उरलेले दिवस बोटीपासून दूर, जमिनीवर काढा.

विकायचं की नाही, हे आज ठरवू नका. वेगळ्या पद्धतीने एक मोसम काढा, मग दोघांनी ठरवा. फक्त मोसम संपायची वाट न बघता त्यांना एकदा विचारा : तुला या बोटीवर काय हवंय? उत्तर ‘सहा महिने घरी’ असं आलं तर तेही शक्य आहे, कित्येक जण वर्षातला अर्धा काळ असंच करतात.

आता ती पाती. उद्या सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, दोघांनी मिळून. सीकॉक बंद करा आणि किल्ली त्याच्या दांड्याला टांगा. नव्या इम्पेलरसारखाच एक सुटा इम्पेलर हातात घ्या आणि त्याची पाती मोजा, म्हणजे जुन्याला किती होती ते कळेल. पंपातून हीट एक्स्चेंजरकडे जाणारी नळी सोडवा, खाली वाडगं धरा, नळी वाकवून आत बघा. मध्ये गिअरबॉक्सचा किंवा तेलाचा कूलर असेल तर आधी तिथे, कारण तुकडे पहिल्या अरुंद जागेत अडकतात. मग हीट एक्स्चेंजरचं टोकाचं झाकण काढा, लांब टोकाच्या चिमट्याने तुकडे उपसा, जस्ताचे सुटलेले खडेही निघतील. मागच्या बाजूने पाणी सोडून नळ्या धुवा. काढलेले तुकडे फडक्यावर मांडून चाकाचा आकार जुळवा. त्या रात्री एक्झॉस्टमधून पाण्याविना धूर गेलाय, तेव्हा रबरी एक्झॉस्ट नळी आणि प्लास्टिकचा वॉटरलॉक (एक्झॉस्टचं पाणी इंजिनात परत येऊ न देणारा डबा) दाबून बघा, मऊ पडलेत किंवा फुगलेत का. हे सगळं त्यांच्या हातून होऊ द्या. टॉर्च तुम्ही धरा, आणि उजेड बोटांवर न पाडता बोटांच्या पुढे पाडा.

नळ्या बसल्या, क्लॅम्प आवळले की सीकॉक उघडायला सांगा. किल्ली त्यांनाच घेऊ द्या. त्यांनी इंजिन सुरू केलं की तुम्ही मागे जाऊन उभे राहा आणि पाणी पडतंय का ते ओरडून सांगा.